दगडाची पाठ

भिंतीत बसलेल्या दगडाचं तोंड सगळे बघतात. दरजा किती बारीक आहेत, छिन्नीचे घाव एका ओळीत आहेत की नाहीत, हे रस्त्यानं जाणाऱ्यालाही कळतं. माझा धंदा त्याच्या पाठीचा. पुण्या-मुंबईत ब्लॉकच्या नव्या भिंतींना नैसर्गिक दगडाचं क्लॅडिंग करायचं आणि जुन्या इमारतींचे सुटलेले, फुटलेले दगड परत बसवायचे, ही दोन कामं मी आयुष्यभर केली. लोक पहिल्याला नवं काम समजतात आणि दुसऱ्याला जुनं. मला ते एकच काम वाटतं. दोन्हीकडे प्रश्न एवढाच असतो की पुढचा दगड मागच्या भिंतीला कशाच्या जोरावर धरून राहणार. आपल्या मुलखात या प्रश्नाची उत्तरं कागदावर फारशी लिहिली गेली नाहीत. ती भिंतींतच बांधून ठेवलेली आहेत आणि भिंत उघडली की वाचता येतात.

जुनी दगडी भिंत म्हणजे आरपार घडीव दगड, असा बहुतेकांचा समज असतो. तशा भिंती फार थोड्या. आपला काळा पाषाण हा लाव्हारसाचा दगड, घडायला अतिशय चिवट. एकेक तोंड सरळ करायला पाथरवटाचा घाम निघतो. त्यामुळे घडीव दगड दर्शनी बाजूला लावायचे आणि पोटात डबर, कपच्या आणि चुना भरायचा, ही रीत देवळांच्या भिंतींत, किल्ल्यांच्या तटांत, वाड्यांच्या जोत्यांत सगळीकडे दिसते. म्हणजे मागे एक भिंत आणि पुढे वेगळ्या दगडाचं तोंड ही कल्पना परदेशातून आलेली नाही, सिमेंटबरोबरही आलेली नाही. पुण्याचा शनिवारवाडाच बघा. 10 जानेवारी 1730 ला पाया घातला, 1732 मध्ये वास्तुशांत झाली. खाली दगड आणि वर वीट. 1828 च्या आगीत वरचं सारं लाकूडकाम गेलं, जोती मात्र आजही जागेवर आहेत.

ती का टिकली हे मला एका वडार मिस्त्रींनी दाखवलं. मी त्यांना मामा म्हणत असे. सोलापूरकडचे, शाळेत कधी गेले नव्हते. एका पडक्या वाड्याचं जोतं आम्ही उतरवत होतो. मामांनी निघालेला एक दगड जमिनीवर आडवा टाकला. तोंड छान टाचलेलं, कडा गुण्यात. मागे मात्र तो निमुळता होत गेलेला, ओबडधोबड, आणि तोंडाच्या रुंदीपेक्षा लांब. "ही ह्याची शेपटी," ते म्हणाले. "ही भिंतीच्या पोटात जाती. पाठ अनघड ठेवत्यात ती आळसानं न्हाई. चुन्यानं धरावं म्हनून." मग त्यांनी दुसरा एक दगड शोधून काढला, भिंतीच्या जाडीएवढा लांब. तो दोन्ही तोंडांना शिवणारा, आरपार जाणारा. असे दगड ठरावीक अंतरावर घातलेले असत. ते नसले की भिंतीची दोन तोंडं पावसाळ्यात फुगतात, एकमेकांपासून सुटतात, आणि पोटातलं डबर खाली बसत बसत दोघांनाही बाहेर ढकलतं. पडलेल्या तटबंदीकडे नीट पाहिलंत तर बऱ्याचदा बाहेरचं तोंड तेवढं गळून पडलेलं असतं आणि आतलं डबर उघडं दिसतं. तिथं हा आरपार दगड कमी पडलेला असतो.

वडारांत कामावरून शाखा पडल्या आहेत. दगड वाहणारे गाडी वडार, मातीकाम करणारे माती वडार, जाती-पाटे घडवणारे पाथरवट. ज्यांच्या हातांनी हे सगळं उभं राहिलं त्यांची नावं शिलालेखांवर सहसा सापडत नाहीत. लेख कोरणारे हातही अशाच कारागिरांचे होते, हे आठवलं की मला फार वाईट वाटतं.

पातळ, किमती दगडाचं तोंड साध्या दगडाच्या भिंतीला लावण्याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण संभाजीनगरला आहे. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू 1657 मध्ये वारली. तिची कबर म्हणजे बीबी का मकबरा. ताजमहालाशी तुलना करून त्याला 'गरिबाचा ताज' म्हणायची सवय पडून गेली आहे. मला ती सवय आवडत नाही. आमच्या धंद्यातल्या माणसानं तिथं जाऊन भिंतीला हात लावत चालावं. खालचा, माणसाच्या आवाक्यातला पट्टा संगमरवराचा आहे. तो एका उंचीला थांबतो. तिथून घुमटाच्या पायापर्यंत आपला काळा दगड आहे आणि त्यावर पांढराशुभ्र चुन्याचा गिलावा, इतका घोटलेला की दुरून सांधा कळत नाही. घुमट पुन्हा संगमरवरी. जिथं हात लागतो तिथं आणि जिथं नजर ठरते तिथं खरा दगड. मधल्या भागात गवंड्याची करामत. आग्र्याच्या ताजमहालातही संगमरवराच्या मागे विटांचीच भिंत आहे, फक्त तिथं तोंड सगळीकडे पुरवलं.

इथं का पुरवलं नाही, ते पैशांत आणि बैलांत मोजता येतं. मकबऱ्याला 6,68,203 रुपये खर्च आल्याची नोंद आहे. वास्तुविशारद अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय ही दोन नावं आपल्याला माहीत आहेत. संगमरवर आला जयपूरकडच्या खाणींतून. फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये सुरतेहून गोवळकोंड्याला जात असताना त्याला संगमरवर लादलेल्या सुमारे 300 गाड्या दिसल्या, त्यातल्या लहानात लहान गाडीला 12 बैल जुंपलेले होते. 12 बैलांच्या वैरणीचा हिशोब करा, मग पाटी किती जाड कापायची आणि किती उंचीपर्यंत लावायची हे आपोआप ठरतं. आजही क्लॅडिंगच्या कोटेशनमध्ये कित्येकदा ट्रकभाड्याची ओळ दगडाच्या किमतीला मागे टाकते. मकबरा बांधणाऱ्यांनी अपुऱ्या दगडात वास्तू पुरी केली आणि सांधा लपवण्यासाठी आपलं सगळं कसब ओतलं. यात मला गरिबी दिसत नाही.

मुंबईची गोष्ट याहून मोठी आहे, आणि मला जास्त जवळची. बार्टल फ्रियर 1862 ते 1867 गव्हर्नर होता. त्याच्या काळात कोटाचे तट पाडले गेले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, शहरात पैसा खेळत होता, आणि तट गेल्यानं मोकळ्या झालेल्या जागेवर पुढच्या 50 वर्षांत एकामागून एक दगडी इमारती उभ्या राहिल्या. या इमारतींची ओळख आपण त्यांच्या शैलीवरून करून देतो, गॉथिक, इंडो-सारासेनिक वगैरे. दगडकाम करणारा माणूस त्या रंगावरून ओळखतो. काळा-करडा असेल तर इथलाच बेसाल्ट. पिवळसर, मधूनच तपकिरी रेषा गेलेला असेल तर मालाडचा किंवा कुर्ल्याचा. हा मालाडचा दगडही ज्वालामुखीचाच, शास्त्रात त्याला ट्रॅकाइट म्हणतात. पण बेसाल्टपेक्षा छिन्नीला सोयीचा, कोरीव काम घेणारा. पांढरट मऊ दगड पोरबंदरचा किंवा ध्रांगध्र्याचा. राजाबाई टॉवर 1878 ला पुरा झाला तो कुर्ल्याच्या दगडात. त्याचा आराखडा करणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट भारतात कधी आलाच नाही. म्हणजे कागदावरची प्रत्येक कमान इथल्या दगडाला कशी झेपेल ते इथल्या मिस्त्रींनी ठरवलं असणार. जनरल पोस्ट ऑफिस 1913 चं. तिथं भिंतीला काळा बेसाल्ट, कडांना कुर्ल्याचा पिवळा आणि ध्रांगध्र्याचा पांढरा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळा शेजारी शेजारी नांदतात.

ही रंगसंगती नुसत्या हौसेनं आलेली नाही. बेसाल्ट स्वस्त आणि कणखर म्हणून भिंतीच्या पसाऱ्याला. घडायला सोपा पिवळा दगड कोपरे, खिडक्यांच्या चौकटी आणि कमानींना. सर्वांत मऊ दगड नक्षीला. प्रत्येक दगडाला त्याच्या अंगच्या गुणानं जागा मिळाली. आणि हे सगळं दर्शनी भागात. मागे पुन्हा डबर किंवा वीट आणि चुना. मजूर दूरदूरचे. तेलुगू मुलखातून आलेले कामाठी या बांधकामांवर मोठ्या संख्येनं होते. कामाठीपुरा हे नाव त्यांच्यावरूनच पडलं.

फोर्टमधल्या अशाच एका इमारतीच्या दुरुस्तीत मी परांचीवर उभं राहून पाहिलेली एक गोष्ट सांगतो. इमारतीचं नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. वरच्या मजल्याच्या कॉर्निसमधला एक पिवळा दगड मधोमध चिरला होता. भेग अगदी सरळ होती, आखल्यासारखी. नैसर्गिक भेग अशी जात नाही. हातोडीनं ठोकत गेलो. शेजारचे दगड खणखणीत वाजत होते, हा एकटा बद्द. छिन्नीनं कड उघडली तेव्हा आत लोखंडी आकडा निघाला. दोन दगड एकमेकांना जखडण्यासाठी बांधताना घातलेला. समुद्राची खारी हवा दरजेतून आत शिरली, आकडा गंजला, पापुद्रे सुटून मूळ जाडीच्या कितीतरी पट फुगला, आणि त्यानं दगड आतून फोडला. जो दगड सांभाळायला लोखंड घातलं, त्याचाच घात लोखंडानं केला. आम्ही आकडा कापून काढला, खाच साफ केली, स्टेनलेस स्टीलची पिन बसवली. खरी अडचण पुढे होती: तुकडा बदलायला मालाडचा दगड आणायचा कुठून? त्या खाणी कधीच बंद झाल्या, तिथं आता वस्ती आहे. शेवटी पाडकामातून निघालेला एक जुना दगड मिळाला.

लोखंडाचा हा दोष ग्रीक लोकांना अडीच हजार वर्षांपूर्वी ठाऊक होता. अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये संगमरवराचे दगड लोखंडी आकड्यांनी जोडले आहेत, पण प्रत्येक आकड्याभोवती शिसं वितळवून ओतलेलं आहे. शिशामुळे पाणी आणि हवा आत जात नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं बालानोस या अभियंत्यानं दुरुस्ती केली तेव्हा नवे आकडे शिशाशिवाय घातले. ते गंजले आणि जे दगड शतकानुशतकं धड होते ते तडकले. पुढे ते सगळे काढून टायटॅनियमचे घालावे लागले. जुनं कसब माहीत असूनही घाईत सोडून दिलं की काय होतं, ते तिथं दिसतं.

मुंबईच्या दगडी बांधकामात वळण आलं ते गेटवे ऑफ इंडियाला. जॉर्ज विटेटचा आराखडा 1914 ला मंजूर झाला, उद्घाटन 4 डिसेंबर 1924 ला. दिसायला ही कमान पूर्ण दगडाची वाटते. पिवळा दगड खारोडीचा, म्हणजे मालाडच्याच बाजूचा. पण त्याच्या जोडीला आत सळयांचं काँक्रीट आहे. इथं भार तोलण्याचं काम दगडाच्या बरोबरीनं दुसऱ्या कुणीतरी उचललं. चौदा वर्षांनी, 1938 मध्ये, चर्चगेटसमोर इरॉस थिएटर उभं राहिलं. त्याच्या काही भागाला आग्र्याचा लाल वालुकाश्म लावलेला आहे, बाकी रंग दिलेला. तोवर दगड भिंतीचा राहिला नव्हता, भिंतीवरचा झाला होता. एकदा काँक्रीटचा सांगाडा सगळा भार घ्यायला लागला की दगडाला जाडीची गरज उरत नाही. गरज नाही म्हटल्यावर शेपटी गेली. आरपार दगड गेला. मग यंत्राच्या पात्यांनी पाटी अधिक पातळ कापता येऊ लागली, आणि दगडाची पाठ, जी मामा अनघड ठेवायला सांगत, ती आरशासारखी सपाट झाली.

माझ्या मते दगडी कामातलं गेल्या शंभर वर्षांतलं सगळ्यात मोठं नुकसान हेच. पातळ दगड वाईट नसतो. मकबऱ्यातलाही पातळच आहे. पण पाठ सपाट झाल्यावर धरून ठेवायची जी दुसरी सोय करायला हवी होती, ती आपण निम्म्या कामांत केली नाही. आपल्या मानक संस्थेनं दगडी मुखावरणासाठी आय. एस. 4101 चा पहिला भाग 1967 सालीच काढला. गनमेटलचे क्लॅम्प, तांब्याच्या नाहीतर स्टेनलेस स्टीलच्या पिना हे शब्द सरकारी निविदांत आहेत. खासगी बंगल्यांच्या साइटवर ते पोचलेच नाहीत.

पातळ दगडाचं काय होऊ शकतं याचा धडा शिकागोनं भरपूर पैसे मोजून घेतला. 1973 मध्ये तिथं स्टँडर्ड ऑइलची 80 हून जास्त मजल्यांची इमारत पुरी झाली. तिला इटलीतल्या करारा इथल्या संगमरवराच्या सुमारे 43,000 पाट्या लावल्या होत्या, जेमतेम सव्वा इंच जाडीच्या. उन्हाळा-हिवाळ्याच्या फेऱ्यांत त्या बाहेरच्या बाजूला वाकू लागल्या. एक पाटी तर सुटून शेजारच्या इमारतीच्या छतावर पडली. 1990 ते 1992 मध्ये सगळा संगमरवर उतरवून ग्रॅनाइट लावला, खर्च 8 कोटी डॉलरच्या घरात गेला.

आपल्याकडच्या बहुतेक इमारती इतक्या उंच नसतात, पण उन्हाची बाजू असते आणि पाऊस असतो. दोन सेंटिमीटर जाडीचा दगड चौरस फुटाला साधारण पाच किलो भरतो. दहा बाय दहा फुटांच्या भिंतीवर हे अर्धा टन वजन झालं. ते कोण तोलतं? बऱ्याच कामांत फक्त मसाला. त्यात मागची भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर तिचा वरचा थर भुसभुशीत, पाणी शोषून घेणारा. पश्चिमेच्या भिंतीवरचा काळा दगड दुपारी तापून फुगतो, मागचा ब्लॉक त्या मानानं थंड असतो, आणि रोजची ही ओढाताण मधल्या मसाल्याच्या थराला सोसावी लागते. एक दिवस तो सोडून देतो. एका सोसायटीच्या प्रवेशभिंतीची लादी अशीच सुटलेली मी पाहिली. सुटलेल्या तुकड्यांच्या पाठीवर कापणीची पांढरी भुकटी जशीच्या तशी होती. कारागिरानं दगड धुतलाच नव्हता. मसाला दगडाला लागलाच नव्हता, भुकटीला लागला होता.

आम्ही करतो ते काम फारसं अवघड नाही. काँक्रीटचा भाग असेल तर टाचे मारायचे, ब्लॉक आणि कॉलमच्या सांध्यावर जाळी ठोकायची, खरबरीत प्लास्टर करून त्याला पुरेसं पाणी मारायचं. दगडाची पाठ ब्रशनं धुवायची आणि ग्राइंडरनं तिला तिरक्या खाचा पाडायच्या. मामांच्या अनघड पाठीचं हे आजचं रूप. खालच्या ओळीला पक्का आधार दिल्याशिवाय वरची ओळ चढवायची नाही. डोक्याच्या वर गेलं की प्रत्येक पाटीला पिन, आणि ती पिन प्लास्टरमध्ये नाही, भिंतीच्या गाभ्यात. फिकट दगडामागे पांढरं सिमेंट, नाहीतर डाग उमटतात. थरांचा दगड असेल, शहाबादी, तांदूर किंवा जैसलमेर, तर थर सुटतोय का ते पाटी ठोकून आधी बघायचं, कारण खाणीत आडवे असलेले थर आपण भिंतीवर उभे करतो. आणि दगडामागे पाणी शिरलं तर बाहेर पडायला तळाशी वाट ठेवायची. ती नसली की लोणा दरजांतून पांढरा पाझरत राहतो, आणि मालक दगडाला दोष देतात.

घर बांधणाऱ्यांना माझी विनंती आहे. दगड निवडायला दुकानात जितका वेळ घालवता, त्यातला थोडा भिंत चढत असताना साइटवर घाला. एखादी पाटी लावण्याआधी उलटी करून बघा, तिची पाठ धुतलेली आहे का, खाचा आहेत का. पिना कुठल्या धातूच्या आहेत ते विचारा, आणि साध्या लोखंडाच्या असतील तर परत पाठवा. बिल देण्याआधी लाकडी दांड्यानं भिंतीवर ठोकत जा, जिथं बद्द वाजेल तिथं खडूनं फुली मारा आणि ती पाटी काढून परत लावून घ्या. आणि मुंबईत कुणाच्या जुन्या घराच्या पाडकामात मालाडचा पिवळा दगड निघत असेल, तर तो भरावाला घालू नका. दुरुस्तीचं काम करणाऱ्या कुणालाही कळवा, तो येऊन उचलून नेईल. खाणीत तो आता शिल्लक नाही.